आपल्या गच्चीवरून पाहिलेलं ग्रहण

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षातील कोजागिरीचा कार्यक्रम सोमवार, दि. ६ ऑक्टोबर २०२५ रोजी बी विंगच्या गच्चीवर झाला. त्या वेळी आपले एक ज्येष्ठ सभासद, निवृत्त विज्ञान शिक्षक, यांनी केलेले हे भाषण. अनेक सभासदांनी ते छापून मिळावे असा आग्रह धरल्यामुळे स्मरणिकेत देत आहोत. भाषणाचा बाज बोलण्याचा आहे, तो तसाच ठेवला आहे. – संपादक मंडळ)



मला सचिवांनी सांगितलं, ‘सर, दूध आटेपर्यंत वीस मिनिटं आहेत, तेवढ्यात चंद्राबद्दल काहीतरी बोला.’ शिक्षकाला वीस मिनिटं बोला म्हणणं म्हणजे काय, हे त्यांना ठाऊक नसावं. तेव्हा मी लांबलो तर दुधाखालचा गॅस तेवढा बारीक करा.

चंद्राबद्दल बोलायचं तर बरोबर एक महिन्यापूर्वीचा विषय काढणं भाग आहे. ७ सप्टेंबरला, रविवारी रात्री, याच गच्चीवर आपण खग्रास चंद्रग्रहण पाहिलं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. शनिवारी सुरू झालेली गावातली मिरवणूक रविवारपर्यंत चाललीच होती. निम्मी सोसायटी दमलेली, कान बधिर झालेले. मला वाटलं, वर चार-पाच डोकी येतील. मोजली तेव्हा चाळीसच्या वर होती! त्यात सात-आठ जण उशा घेऊन आले होते. ढग सारखे येत-जात होते. ढग आला की सगळे ‘अरेरे’ करायचे आणि सरकला की शिट्ट्या. एखाद्या विकेटला वाजवाव्यात तशा टाळ्या चंद्राला मिळालेल्या मी पहिल्यांदाच पाहिल्या.

त्या रात्री मुलांनी खूप प्रश्न विचारले. अंधारात सगळ्यांची उत्तरं देता आली नाहीत, म्हणून आज नारळ आणि लिंबू घेऊन आलो आहे. नाही, दृष्ट काढायची नाहीये.

हा नारळ म्हणजे पृथ्वी समजा. मग चंद्र केवढा? या लिंबाएवढा. चंद्राचा व्यास ३,४७४ किलोमीटर, पृथ्वीचा सुमारे १२,७४० किलोमीटर. म्हणजे साधारण पावणेचार पट. आता सांगा, हे लिंबू नारळापासून किती लांब धरायचं? कोणी म्हणतं वीतभर, कोणी हातभर. पुस्तकातल्या चित्रांनी आपल्याला फसवलंय. खरं अंतर सुमारे ३,८४,००० किलोमीटर, म्हणजे तीस नारळ ओळीने मांडले तर जेवढी लांबी होईल तेवढं. अकरा फूट. ए, ते लिंबू घेऊन त्या पाण्याच्या टाकीपाशी जा बरं. हां, तिथे उभा राहा. एवढं लांब! आणि सूर्य कुठे? या मापाने सूर्य आपल्या इमारतीच्या चार मजल्यांएवढा गोळा आणि तो इथून जवळजवळ सव्वा किलोमीटरवर.

सूर्याचा उजेड नारळावर पडला की मागे सावली पडणारच. ती सावली शंकूसारखी निमुळती होत जाते. लिंबाच्या जागी पोचेपर्यंत ती लिंबाच्या अडीच पटींहून थोडी जास्त रुंद उरते. पौर्णिमेला चंद्र सूर्याच्या बरोबर समोर येतो. मग दर पौर्णिमेला ग्रहण का होत नाही? कारण चंद्राची वाट पाच अंशांनी कललेली आहे. पाच अंश ऐकायला थोडे वाटतात, पण अकरा फुटांवर तो फरक वीतभराहून जास्त होतो. बहुतेक पौर्णिमांना लिंबू सावलीच्या वरून नाहीतर खालून निघून जातं. ज्या दोन बिंदूंपाशी ही वाट सूर्याच्या वाटेला छेदते, त्या बिंदूंपाशी पौर्णिमा आली तरच ग्रहण. आपल्या जुन्या ज्योतिर्गणितात त्या दोन बिंदूंची नावं राहू आणि केतू. म्हणजे राहू-केतू आहेत बरं का, पण ते राक्षस नाहीत, छेदनबिंदू आहेत. आर्यभटांनी दीड हजार वर्षांपूर्वी स्पष्ट सांगून ठेवलंय की चंद्राला झाकते ती पृथ्वीची सावली. पंचांगकर्तेही मिनिटामिनिटाचं गणित त्याच सावलीचं करतात. राक्षस वेळापत्रक पाळत नाही.

परवा चंद्र गडद सावलीत शिरायला लागला रात्री ९ वाजून ५७ मिनिटांनी, पूर्ण शिरला ११ वाजून १ मिनिटाने आणि पुन्हा बाहेर डोकावला १२ वाजून २२ मिनिटांनी. ८२ मिनिटांची खग्रास अवस्था. मुलांचा मोठा प्रश्न होता की सावलीत गेलेला चंद्र काळा का होत नाही, तांबडा का होतो? तर पृथ्वीभोवती हवेचा थर आहे. सूर्याचा प्रकाश त्या थरातून जाताना वाकतो आणि निळा रंग वाटेत विखरून जातो, तांबडा उरतो. संध्याकाळी क्षितिज लाल दिसतं ते ज्या कारणाने, त्याच कारणाने. त्या क्षणी पृथ्वीवर जिथे जिथे सूर्य उगवतोय आणि जिथे जिथे मावळतोय, त्या सगळ्यांचा लाल उजेड एकत्र होऊन चंद्रावर पडतो. हवेत धूळ जास्त असेल तर तोही अडतो. १९९१ साली फिलिपिन्समधल्या पिनाटुबो ज्वालामुखीचा मोठा उद्रेक झाला. त्यानंतर १० डिसेंबर १९९२ च्या पहाटे मी ग्रहण पाहिलं, तेव्हा चंद्र इतका काळवंडला होता की तो शोधावा लागत होता.

पुण्याला आकाश बघण्याची जुनी सवय आहे. १८८८ साली इथल्या सायन्स कॉलेजात कावसजी नायगामवाला यांनी वेधशाळा उभारली. तिथली वीस इंची दुर्बीण त्या काळी देशातली सर्वांत मोठी होती. शंकर बाळकृष्ण दीक्षितांचा भारतीय ज्योतिषशास्त्रावरचा मोठा ग्रंथ १८९६ चा. ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून हौशी लोकांना आकाश दाखवतेय. आणि आयुका उभी करणारे आपले नारळीकर सर या मे महिन्यातच गेले. अशा गावात आपण राहतो.

इथवरचं सगळं मी वर्गात तीस वर्षं शिकवलं. आता जे सांगणार आहे ते वर्गात कधी सांगितलं नाही. बहिणीला विचारूनच सांगतोय. ती समोरच बसली आहे.

साल १९७१. आम्ही पेठेतल्या एका वाड्यात राहायचो. दोन खोल्या, सामाईक नळ, वर कौलं. मी अकरा वर्षांचा. ६ ऑगस्टला नारळी पौर्णिमा होती आणि त्याच रात्री खग्रास चंद्रग्रहण. ते साधंसुधं ग्रहण नव्हतं. चंद्र सावलीच्या जवळजवळ मधोमध गेला होता, त्यामुळे खग्रास अवस्था जवळपास १०० मिनिटांची होती. रात्री साडेअकराच्या सुमारास स्पर्श आणि पहाटे तीनला मोक्ष.

दुपारपासून वेध लागणार म्हणून आजीने सकाळी लवकरच नारळीभात करायला लावला. आम्ही बारा-साडेबाराला जेवून मोकळे. लोणच्याच्या बरणीवर, पाण्याच्या हंड्यावर तुळशीपत्रं पडली. आणि आईला सहावा महिना होता. आजीने तिला आतल्या खोलीत कोपऱ्यात पाटावर बसवलं. चिरायचं नाही, कापायचं नाही, शिवायचं नाही, फाडायचं नाही, हातपाय दुमडायचे नाहीत, झोपायचं नाही आणि बाहेर तर डोकवायचंच नाही. आजी दुष्ट होती असं कोणी समजू नका. तिची स्वतःची दोन मुलं लहानपणीच गेली होती. भीतीपोटी माणूस जेवढे नियम सापडतील तेवढे धरून ठेवतो.

त्या रात्री मला ताप चढला. बाहेर पाऊस कोसळत होता, कौलं गळत होती. वडील रात्रपाळीला गेलेले. आजी देवापाशी जप करता करता पेंगली होती. एकच्या सुमारास मी बरळायला लागलो. आई थोडा वेळ थांबली असेल, मला माहीत नाही. मग ती उठली. खुंटीवर वडिलांचं जुनं धोतर होतं, त्याची एक पट्टी तिने टर्रकन फाडली, पाण्यात भिजवली आणि माझ्या कपाळावर ठेवली. पहाटेपर्यंत ती पट्ट्या बदलत बसली. सकाळी ताप उतरला.

आजीने सकाळी ते धोतर पाहिलं. बोलली काहीच नाही.

नोव्हेंबरात माझी बहीण जन्माला आली. तिचा वरचा ओठ डाव्या बाजूला दुभंगलेला होता.

सुईणीने पोर आईच्या कुशीत दिली तेव्हा आजी दारात उभी होती. तिने एकच वाक्य म्हटलं, ‘तरी मी सांगत होते.’ ओरडली नाही, शिव्या दिल्या नाहीत. पुढे ते वाक्य वाड्यात फिरलं. नळावर फिरलं. हळदीकुंकवाला आलेल्या बायकांनी पोरीकडे बघून आईला हळूच विचारलं, ‘ग्रहण पाळलं नव्हतं का?’ धोतर फाडलं म्हणून ओठ फाटला. इतकं सरळ गणित. आणि ते धोतर कोणासाठी फाडलं होतं? माझ्यासाठी. आईने हे मला कधी म्हणजे कधीही ऐकवलं नाही. पण अकरा वर्षांच्या मुलाला सगळं ऐकू येतं.

काही महिन्यांनी इथल्याच एका हॉस्पिटलात ओठाची शस्त्रक्रिया झाली, चांगली झाली. बहीण शिकली, बँकेत अधिकारी झाली. आज ती हसते तेव्हा ओठावरची बारीक रेघ शोधावी लागते. तिचं सगळं नीट झालं. आईचं झालं नाही. पुढे प्रत्येक ग्रहणाला आई स्वतःहून आतल्या खोलीत जाऊन बसायची. आता गर्भवती नव्हती, कोणी सांगत नव्हतं, आजीही गेली होती. तरी बसायची. १९९२ च्या त्या पहाटे मी तिला हाक मारली, ‘आई, बघ तरी, चंद्र जवळजवळ दिसेनासा झालाय.’ आतून उत्तर आलं, ‘तू बघ.’

शिक्षक झाल्यावर मी या विषयाचं मिळेल ते वाचलं. गर्भाचा वरचा ओठ कधी तयार होतो माहीत आहे? गर्भधारणेनंतर पहिल्या सहा-सात आठवड्यांत. चेहऱ्याचे दोन्ही बाजूंचे भाग मध्याकडे सरकतात आणि जुळतात. काही कारणाने जुळले नाहीत तर फट राहते. टाळूसुद्धा बारा आठवड्यांच्या आत जुळून होते. एकदा जुळलेला ओठ पुन्हा उसवत नाही. आता हिशोब करा. बहीण पूर्ण दिवसांची, नोव्हेंबरच्या मध्याला झाली. म्हणजे तिचा ओठ घडला तो मार्चअखेर ते एप्रिलच्या मध्यापर्यंत. पाडव्याच्या आसपास. तेव्हा आईने घरात कोणाला सांगितलंही नसेल. ग्रहण ऑगस्टात. चार महिने नंतर! ज्या रात्री आईने ते धोतर फाडलं, त्या रात्री तिच्या पोटातला ओठ जसा व्हायचा तसा केव्हाच होऊन गेला होता.

शिवाय बघा, जगात साधारण सातशे ते हजार जन्मांमागे एका बाळाचा ओठ किंवा टाळू दुभंगलेली असते. सगळ्या देशांत, सगळ्या महिन्यांत. चंद्रग्रहण तर जिथे जिथे चंद्र वर आहे त्या अर्ध्या पृथ्वीवर एकाच वेळी होतं. त्याने ओठ फाटत असते तर ग्रहणानंतरच्या ठरावीक महिन्यांत अशा बाळांची रांग लागली असती आणि एरवी एकही नसतं. तसं होत नाही. कारणं वेगळी आहेत. काही अनुवंशिक असतात. काही वेळा आईला फॉलिक ॲसिड कमी पडलेलं असतं, काही वेळा मधुमेह, काही विशिष्ट औषधं, तंबाखूचा धूर. पुष्कळदा कारण सापडतच नाही. आणि एक गंमत सांगतो. मेक्सिकोतही हीच समजूत आहे की ग्रहणाने बाळाचा ओठ दुभंगतो. पण तिथे उपाय काय? गर्भवतीने पोटाशी धातूची वस्तू बांधायची, किल्ली किंवा सेफ्टी पिन. पूर्वी तर सुरीसुद्धा ठेवत. आपल्याकडे सुरीला हात लावायचा नाही! दोन्हीकडच्या आजी तितक्याच काळजीच्या, नियम बरोबर उलटे. आणि बाळं दोन्हीकडे सारखीच होतात.

हे सगळं मी आईला सांगितलं. कागदावर महिने मांडून दाखवले. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘असेल रे बाबा.’ आणि पुढच्या ग्रहणाला पुन्हा आत जाऊन बसली. तेव्हा मला कळलं, तीस वर्षांचा दोष एका कागदाने सुटत नाही.

आता आपल्या सोसायटीकडे येतो. आई आमच्याबरोबर इथेच राहायची, जुन्या सभासदांना आठवत असेल. ३१ जानेवारी २०१८, बुधवार. त्या दिवशीच्या ग्रहणात पुण्यात चंद्र उगवला तोच मुळी ग्रासलेला. आपल्या कोथरूडला पूर्वेकडे टेकडी आडवी, त्यामुळे तो दिसायला सात वाजले. ७ वाजून ३७ मिनिटांनी खग्रास संपणार होतं. म्हणजे हाताशी जेमतेम अर्धा तास. बहीण मुद्दाम आली होती. तिने आईला सरळ सांगितलं, ‘आई, आज तू माझ्याबरोबर वर येणार आहेस. माझ्यासाठी.’ आई ऐंशीची, गुडघे गेलेले. लिफ्ट सातव्या मजल्यापर्यंतच, पुढे अठरा पायऱ्या. तेव्हा ए विंगमधली चार मुलं धावत आली. आज त्यातली दोन परदेशात आहेत, दोन इथे मागे उभी आहेत. त्यांनी प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून आईला वर आणलं, अगदी पालखीत आणावं तसं. ‘आजी, घट्ट धरा’ म्हणत.

टेकडीच्या वर विटकरी रंगाचा गोळा होता. फार मोठा नाही, फार तेजस्वी नाही. आईने चष्मा पुसला आणि बराच वेळ पाहिलं. मग म्हणाली, ‘एवढंच होय?’

आम्ही कोणीच काही बोललो नाही. कोणीतरी थर्मासमधून चहा आणला होता. आजी घेणार नाहीत म्हणून सगळ्यांनी तिला वगळून कप भरले. तिने स्वतः हात पुढे केला. ग्रहण चालू असताना आईने आयुष्यात पहिल्यांदा घोटभर चहा घेतला. आणि कप हातात धरूनच बहिणीला विचारलं, ‘ते धोतर फाडलं नसतं, तरी तू अशीच झाली असतीस ना गं?’ सत्तेचाळीस वर्षांनी तिने तो प्रश्न मोठ्याने विचारला. बहीण म्हणाली, ‘अशीच झाले असते, आई. आणि दादाचा ताप तरी उतरला ना!’

२०२१ साली आई गेली. ते तिने पाहिलेलं एकच ग्रहण. आपल्या या गच्चीवरून पाहिलेलं. पंचवीस वर्षांत या सोसायटीने मला काय दिलं असं कोणी विचारलं, तर पाण्याचा टँकर, लिफ्टची दुरुस्ती, मेंटेनन्सची भांडणं हे सगळं आठवेलच. पण मी आधी त्या अठरा पायऱ्या सांगेन.

हे मी आज का काढलं? तर ७ सप्टेंबरच्या दुपारी आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर निरोप फिरत होते. गर्भवतींनी हे करू नये, ते करू नये, नाहीतर बाळात व्यंग येईल. खाली हात जोडल्याच्या खुणा. पाठवणाऱ्यांचा हेतू चांगला होता याबद्दल मला शंका नाही. पण आपल्या सोसायटीत एका घरात सुनेला सातवा महिना होता. तिने तो निरोप वाचला. संध्याकाळी तिच्या सासूबाई लिफ्टपाशी मला थांबवून म्हणाल्या, ‘सर, तुम्ही शास्त्रातले. खरं सांगा, काही होणार तर नाही ना?’ मी त्यांना आत्ता सांगितलेली सगळी गोष्ट सांगितली. त्यांनी ऐकली. काही न बोलता वर गेल्या. मला वाटलं, ‘असेल रे बाबा’ म्हणाल्या असतील मनात.

पावणेबाराला गच्चीचं दार उघडलं. पुढे सासूबाई, त्यांच्या हातात टॉर्च, दुसऱ्या हाताने सुनेचा हात धरलेला. ढग नेमका सरकला होता. दोघी दहा मिनिटं उभ्या राहिल्या. सासूबाईंच्या ओठांत जप चालूच होता, सून वर बघत होती. मला ते दोन्ही आवडलं. त्या दोघींनीच हे सांगायला परवानगी दिली म्हणून सांगितलं.

कारण माझं भांडण जपाशी नाही. कोणाला उपास करायचा असेल, स्नान करायचं असेल, दान द्यायचं असेल, जरूर करा. लहानपणी गल्लीतून येणारी ‘दे दान, सुटे गिराण’ ही हाक मलाही आठवते, आणि दान दिल्याने कोणाचं नुकसान झालेलं नाही. २०२३ ला तर कोजागिरीच्याच रात्री खंडग्रास ग्रहण आलं होतं आणि दूध करायचं की नाही यावरून आपल्या कमिटीची मीटिंग दोन तास चालली होती. शेवटी दुसऱ्या दिवशी दूध झालं. कोणाचं काही बिघडलं नाही, पौर्णिमेच्या जागी प्रतिपदेचा चंद्र चालवून घेतला. हे सगळं ठीक आहे. पंचांगातसुद्धा लहान मुलं, वृद्ध, आजारी आणि गर्भवती यांना वेधांत मोकळीक दिलेली असते. पंचांग सैल असतं, आवळतो आपण.

माझं म्हणणं इतकंच आहे. नियम पाळायचा तो स्वतःसाठी पाळा. न पाळणाऱ्याच्या माथी दोष मारू नका. गर्भवतीला उपाशी ठेवू नका, तहानलेली ठेवू नका, मधुमेहाची गोळी चुकवायला लावू नका. आणि देव न करो, कोणाच्या घरी काही कमीजास्त झालं, तर त्या बाईला ‘तरी सांगत होते’ हे तीन शब्द कोणीही ऐकवू नका. ओठाची शस्त्रक्रिया तासाभरात होते. त्या तीन शब्दांची होत नाही. आमच्या घरी सत्तेचाळीस वर्षं लागली.

चंद्रग्रहण बघायला चष्मा लागत नाही, काच लागत नाही. साध्या डोळ्यांनी बघायचं. ती काळजी सूर्यग्रहणाला घ्यायची, तिथे मात्र खास चष्म्याशिवाय बघायचं नाही, हे मुलांनो, पक्कं लक्षात ठेवा.

आता पुढचं ग्रहण कधी? येत्या ३ मार्चला एक आहे, पण आपल्याकडे चंद्र उगवेपर्यंत ते जवळजवळ संपलेलं असेल. आपल्यासाठी खरी मेजवानी आहे ३१ डिसेंबर २०२८ ला. रविवार, थंडीचे दिवस, ढगांची कटकट नाही. रात्री पावणेदहाच्या सुमारास चंद्र पूर्ण ग्रासला जाईल आणि अकराच्या आसपास सुटायला लागेल. थर्टी फर्स्टची पार्टी गच्चीवरच करा. फटाके नंतर, बाराला. तोपर्यंत परवा आईच्या पोटात बसून ग्रहण पाहून गेलेलं बाळ तीन वर्षांचं झालेलं असेल. त्याला मी खांद्यावर घेऊन चंद्र दाखवणार आहे. मी नसलो तर तुमच्यापैकी कोणीतरी दाखवा.

आणि कमिटीला एक विनंती. रौप्यमहोत्सवाच्या निधीतून काही उरलं, तर त्या शेवटच्या अठरा पायऱ्यांना कठडा बसवा. दर वेळी खुर्ची उचलायला चार मुलं घरात असतीलच असं नाही.

दूध झालेलं दिसतंय, केशराचा वास यायला लागला.